उ.खा.बा. टिटवी

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं. एक तर ही गोष्ट माझी नाही, टाचणीची आहे. आणि टाचणीने ती मला अशा चेहऱ्याने सांगितली, की पोट धरून हसावं की पाठीवर हात ठेवावा तेच कळेना. शेवटी मी दोन्ही केलं. मग म्हटलं, आता लिहूनच टाकू.

टाचणी म्हणजे आमच्या मजल्यावरचा मित्र. एका छोट्या टीव्ही कंपनीत कामाला आहे. मालिकेचे कागद आले की त्यांच्या प्रती काढायच्या, पानं लावायची, टाचायची आणि ज्याची त्याला द्यायची, हे त्याचं काम. म्हणून टाचणी. अंगानेही तसाच, वर डोकं आणि खाली नुसती रेघ. पण मनाने तो लेखक होता. टाचता टाचता प्रत्येक पान वाचायचा, आणि मुख्य लेखकांनी कुठे काय घोळ घातलाय ते जेवणाच्या सुट्टीत डब्याला सांगायचा. डब्याला म्हणजे डब्यालाच. दुसरं कुणी ऐकत नव्हतं.

मालिका होती अवकाशाची. एक यान, त्यात एक कॅप्टन, आणि दर आठवड्याला एक नवा ग्रह, जो मागच्या ग्रहासारखाच दिसायचा, फक्त दिव्याचा रंग वेगळा. यानाचं नाव टिटवी. निर्मात्या बाईंना गरुड, ससाणा वगैरे नको होतं. ते सगळ्यांकडे असतात म्हणाल्या. तर टिटवी. आणि यानाच्या पोटावर, नावाच्या आधी, ठळक पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: उ.खा.बा.

उ.खा.बा. टिटवी.

आता अवकाशाच्या मालिकांमध्ये यानाच्या नावाआधी अशी अक्षरं असतातच. या विषयावर टाचणीचं मत पक्कं होतं आणि ते त्याने मला जिना चढता चढता, दूध आणायला जाताना आणि एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत बसून ऐकवलेलं आहे. त्याचं म्हणणं असं. समुद्रावरच्या जहाजाला नावाआधी अक्षरं असतात, त्यावरून कळतं की जहाज कुणाचं, वाफेवरचं की इंजिनवरचं, लढाईचं की मालाचं. टीव्हीवाल्यांनी ती पद्धत उचलली आणि आकाशात नेली. पण तिथे ती अक्षरं वेगळंच काम करतात. नुसतं टिटवी म्हटलं की एक यान, चार माणसं. अक्षरं लावली की त्या यानामागे एकदम अख्खं सरकार उभं राहतं. खातं येतं, साहेब येतात, शिपाई येतो, रजेचा अर्ज येतो. पडद्यावर काहीच दाखवावं लागत नाही. तीन अक्षरांत एवढं सगळं. "बिनअक्षरांचं यान म्हणजे बिनआडनावाचा माणूस," टाचणी म्हणायचा. "दिसायला ठीक, पण मुलगी देताना विचार पडतो."

मालिका चालायला लागली तसे प्रेक्षकांचे फोन यायला लागले. यान कुठे बनलं, कॅप्टनचं लग्न झालंय का, आणि हमखास, उ.खा.बा. म्हणजे काय.

बाईंना वाटलं हे मुख्य लेखकांनी ठरवलंय. मुख्य लेखकांना वाटलं बाईंनी ठरवलंय. ते घरी बसून लिहायचे आणि पानं पाठवून द्यायचे, स्टुडिओत पाऊल टाकत नसत. दोघांनाही एकमेकांना विचारायची लाज वाटत होती. आपल्याच मालिकेतलं आपल्याला माहीत नाही, हे कोण कबूल करणार? तसेच दिवस गेले. शेवटी बाईंनी एकदा प्रती काढायच्या खोलीत डोकं घालून सहज विचारल्यासारखं विचारलं, की ते उ.खा.बा.चं लोकांना नीट समजावून सांगेल असं आपल्याकडे कुणी आहे का.

टाचणीने हातातला गठ्ठा खाली ठेवला.

"उपग्रह खाते, बाह्यविभाग," तो म्हणाला.

डोळ्याची पापणी लवली नाही. त्याने मला शपथेवर सांगितलंय की त्या क्षणी तो खोटं बोलत नव्हता. अर्थ त्याला इतके दिवस माहीतच होता. दुसरं काही असूच शकत नव्हतं. बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि मान डोलावली, जणू त्यांनाही हेच माहीत होतं. मुख्य लेखकांना फोनवर कळलं तेव्हा तेही म्हणाले, बरोबर आहे, बरोबर आहे.

तिथून टाचणीचे दिवस फिरले. कंपनीचा प्रेक्षकांशी गप्पांचा एक कार्यक्रम असायचा, त्यात बाईंनी त्याला बसवलं. आणि जाता जाता म्हणाल्या, हे पर्व नीट पार पडलं तर शेवटच्या भागाच्या पाट्यांमध्ये तुझं नाव घालू. लेखनसाहाय्य म्हणून.

पाट्यांमध्ये नाव! टाचणीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्याचे वडील लवकर गेले, आईने शिवणकाम करून वाढवला, आणि आई कुणालाही "मुलगा काय करतो" सांगताना जराशी अडखळायची. टीव्हीत आहे म्हणावं तर लोक विचारणार कधी दिसतो. कागद टाचतो म्हणावं तर विषय तिथेच संपतो. आता तिला सांगण्यासारखं काहीतरी मिळणार होतं. तिने ते सांगायला दुसऱ्या दिवसापासूनच सुरुवात केली. वरच्या मजल्यावरच्या काकूंना तर तिने असं सांगितलं, की मालिका मुळात हाच लिहितो, दुसरे नुसते सही करतात.

कार्यक्रमात टाचणी सुटला. बाह्यविभाग आहे म्हणजे अंतर्विभागही आहे. अंतर्विभागाचं आणि बाह्यविभागाचं पटत नाही. खात्याचे मुख्य साहेब एका चंद्रावर बसतात आणि सहीशिवाय इंधन सोडत नाहीत. कॅप्टनची दोनदा बढती अडलेली आहे. लोक खूश! एका गृहस्थांनी फोन करून सांगितलं की आमच्या खात्यातही अगदी असंच आहे, आणि साहेबांचं वर्णन तर हुबेहूब. कॅप्टनचं काम करणारा नट तर या सगळ्याच्या प्रेमातच पडला. मनाने हळवा माणूस होता तो. मधूनच आपल्या पदरची वाक्यं घालायला लागला. ग्रहावर उतरताना छातीवर हात ठेवून म्हणायचा, "उपग्रह खात्याच्या शपथेवर सांगतो." कुणी सांगितलं नव्हतं. पण बरं वाटायचं ऐकायला.

आणि मुख्य लेखकांनी शेवटचा भाग लिहिला तो याच खात्यावर. कॅप्टन राजीनामा देतो. खात्याकडे पाठ फिरवतो. आणि यान आजवर कधी वळलं नव्हतं असं सावकाश वळतं, घराच्या दिशेने.

ही पानं टाचताना टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या एका वाक्यातून एवढं उभं राहिलं. तो तसाच खाली स्टुडिओत गेला, यान डोळे भरून बघायला. इतके दिवस त्याने ते एकाच बाजूने बघितलं होतं, कारण चहा त्या बाजूला मिळायचा. प्रेक्षकांनीही तीच बाजू बघितली होती, कारण दुसऱ्या बाजूला थंड हवेचं कपाटाएवढं मशीन होतं आणि कॅमेरा तिकडे जायचाच नाही. आता वळणाच्या दृश्यासाठी ते मशीन भिंतीकडे सरकवलं होतं. टाचणी यानाच्या नाकाला वळसा घालून पलीकडे गेला.

पलीकडे लिहिलं होतं: डा.खा.बा. टिटवी.

त्याने परत वळसा घातला. उ.खा.बा. पुन्हा पलीकडे. डा.खा.बा. अशा तीन-चार फेऱ्या झाल्यावर पेंटरने, जो तिथेच बादलीवर बसून ब्रश धूत होता, त्याला विचारलं की काही हरवलंय का.

पेंटर टाचणीचा कंपनीतला एकुलता एक दोस्त. रोजावर काम करायचा, हात देवाघरचा. टाचणीने त्याला विचारलं की ही अक्षरं तुला कुणी दिली. पेंटर म्हणाला, दिली म्हणजे, होतीच. बाईंनी पेन्सिलने टिटवी लिहून ठेवलं होतं आणि सांगितलं होतं, पेन्सिलने जे काही लिहिलंय ते मोठं आणि ठळक कर. पेन्सिलने एवढं लिहिलेलं होतं. केलं. अर्थ विचारत बसला तर माणूस पेंटर कसला, मास्तर होईल.

मग पेन्सिल कुणाची? तर मिस्त्रीची.

मिस्त्री म्हणजे सुतारकामाचे प्रमुख. कानावर पेन्सिल, तोंडात खिळा, बोलणं मोजकं. टाचणीने त्यांना अक्षरांबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी खिळा काढून हातात घेतला आणि त्याच्याकडे नीट बघितलं, ताप आलेल्या मुलाकडे बघतात तसं.

"उजवी खालची बाजू. डावी खालची बाजू. दुसरं काय असणार?"

मग त्यांनी त्याला आतही नेऊन दाखवलं. छताच्या तुकड्यावर म.छ., मधलं छत. शनिवार-रविवार हा हॉल नाचाच्या क्लासला भाड्याने जायचा, त्यामुळे दर शुक्रवारी यान सुटं करून भिंतीला लावायचं आणि सोमवारी पुन्हा जोडायचं, तर खुणा नकोत का? आणि पेंटरचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. पूर्वी पेन्सिलच्या खुणा बॅटरी लावून शोधाव्या लागायच्या. या पोराने आपणहून मोठ्या करून दिल्या. इतका विचार कोण करतं हल्ली.

टाचणी प्रती काढायच्या खोलीत येऊन बसला. उपग्रह खातं गेलं. बाह्यविभाग गेला. चंद्रावरचे साहेब गेले. पाटीवरचं नाव दाराशी उभं होतं आणि चपला घालत होतं.

आता सरळ जाऊन बाईंना सांगायचं होतं. तुम्ही म्हणाल, त्यात काय. पण आईने तोवर मावशीला, शिवणकामाच्या गिऱ्हाइकांना आणि दाताच्या डॉक्टरलाही सांगून झालं होतं. टाचणीने आधी मनातल्या मनात मागच्या दाराने पळून बघितलं. डा.खा.बा. म्हणजे डाक खाते, बाह्यविभाग? म्हणजे यान एका बाजूने टपालही वाहतं? अर्धा तास तो या विचारात रमला आणि मग त्याचं त्यालाच हसू आलं. राजीनामा देऊन वळणाऱ्या कॅप्टनच्या पाठीवर एकदम पोस्ट ऑफिस कसं दाखवणार!

मग त्याला उपाय सुचला, आणि तो इतका साधा होता की तिथेच संशय यायला हवा होता. त्याने पेंटरला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पेंटर म्हणाला, एवढंच ना. "डा" पुसला, "उ" काढला. वाळायलाही वेळ लागला नाही. दोन्हीकडे उ.खा.बा. टाचणीने त्याला चहा पाजला आणि निवांत घरी गेला.

तो शुक्रवार होता.

सोमवारी मिस्त्रींच्या माणसांनी यान जोडायला घेतलं. नाक लागलं. म.छ. बाजूला काढून ठेवलं. उजवी खालची बाजू आणा, आणली. डावी खालची बाजू आणा. डावी नाही. भिंतीला दुसरी उजवीच लावलेली.

मिस्त्रींचा आयुष्यभराचा एक नियम होता: माणूस चुकतो, खूण चुकत नाही. खूण सांगते दोन उजव्या आहेत, म्हणजे दोन उजव्या आहेत. डावी गेली कुठे? नाचाच्या क्लासवाल्यांनी सामानाबरोबर नेली असणार, त्या लोकांचं लक्ष पायांकडे असतं. आणि दुसरी उजवी आली कुठून? कुणीतरी जास्तीची बनवली असणार. त्यांनी ती लावून बघितली, ती उजवीकडे बसेना. दाराचं भोकही उलट्या बाजूला. म्हणजे बनवणारा गाढव होता. चित्रीकरण तासाभरावर आलेलं. मिस्त्रींनी करवत मागवली, आणि त्या बिघडलेल्या उजवीतून नवी डावी कापून काढली.

म्हणजे डावीतून डावी काढली. पण करवतीचं, कडांचं, रंध्याचं जे जायचं ते गेलं, आणि नवी डावी वीतभर कमी भरली. त्यांनी फटीत काळं कापड कोंबलं, वर घाईने पेंटरकडून टिटवी लिहून घेतलं, आणि अंधारात कळत नाही म्हणाले. पेंटरला यातलं काही समजेपर्यंत तो बिचारा लिहीत होता. टाचणी वर पानं टाचत होता.

चित्रीकरण सुरू झालं तेव्हा टाचणी खाली आला, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. कॅप्टन आत आपल्या खुर्चीत. यानाखाली चाकं होती, चार माणसं वाकून ते ढकलणार होती. बाईंनी हात वर केला. कॅप्टनचा आवाज घुमला: "उपग्रह खात्याच्या शपथेवर, हा माझा शेवटचा प्रवास." आणि यान वळायला लागलं. खरंच सुंदर वळत होतं. उजवी बाजू गेली, नाक आलं, नाक गेलं, डावी बाजू आली.

आणि डावी बाजू तशीच पुढे आली.

धाडकन नाही पडली. लाजत लाजत, वरून झुकत, दमलेल्या पाहुण्याने गादीवर अंग टाकावं तशी ती जमिनीवर आडवी झाली. आत कॅप्टन. कमरेच्या वर चंदेरी गणवेश, बिल्ले, पट्टे. कमरेच्या खाली घरची लुंगी, आणि पाय गरम पाण्याच्या घमेल्यात, कारण त्याच्या टाचा दुखायच्या आणि यानात बसल्यावर खालचं इतके दिवस कधी दिसलंच नव्हतं. पण नट हाडाचा. हलला नाही. पाय घमेल्यातच ठेवून दूर बघत म्हणाला, "घर... आता घर."

कॅमेरावाला थांबला नाही. त्याला कुणी थांब म्हटलंच नव्हतं.

मग दिवे लागले. बाई काही ओरडल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या की ही बाजू कुणी केली. मिस्त्री म्हणाले, मी, पण खुणेप्रमाणे, आणि दोन्ही फळ्यांवर खूण एकच होती. मग खूण कुणी बदलली, बाईंनी विचारलं. मिस्त्रींनी पेंटरकडे बघितलं. सगळ्यांनी पेंटरकडे बघितलं. पेंटर ब्रशाकडे बघत होता. रोजावरचा माणूस, उद्या येऊ नको म्हटलं की संपलं. त्याने टाचणीकडे मात्र बघितलं नाही, आणि टाचणी मला म्हणाला, त्याने बघितलं असतं तर मला जड गेलं नसतं.

टाचणी पुढे झाला.

"मी बदलली, बाई. पेंटरला मी सांगितलं होतं."

"का?"

"दोन्हीकडे उ.खा.बा. दिसावं म्हणून. खरं म्हणजे बाई, उपग्रह खातं असं काही नाहीच आहे. ती उजवी खालची बाजू आहे."

बाईंनी त्या आडव्या पडलेल्या फळीकडे बघितलं.

"आणि बाह्यविभाग?"

"तोसुद्धा नाही."

बाई स्टुलावर बसल्या. मिस्त्री पुटपुटले की मला कुणी विचारलं असतं तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. पण सगळ्यांत मनाला लावून घेतलं ते कॅप्टनने. तो घमेल्यातून पाय काढून, लुंगी सावरत, ओल्या पावलांनी टाचणीसमोर येऊन उभा राहिला.

"मग मी इतके दिवस नोकरी कुणाची करत होतो रे?"

टाचणीने त्याला पाय पुसायला फटीतलं काळं कापड दिलं.

पुन्हा चित्रीकरण करायला वेळ नव्हता. मुख्य लेखकांनी फोनवर सांगितलं की यानाला आदळलेली उल्का दाखवा आणि कॅप्टनला वरूनच घ्या. तसं केलं. पेंटरला कुणी काही बोललं नाही. टाचणीलाही नाही, आणि तेच त्याला जास्त लागत होतं. पाटीवरच्या नावाचं विचारायची छाती कुणाला!

शेवटच्या भागाच्या दिवशी घरात बसायला जागा नव्हती. आईने मावशीला बोलावलं होतं, काकू वरून खाली आल्या होत्या, मी दाराच्या चौकटीत उभा. टाचणीने आईला काही सांगितलं नव्हतं. तो कोपऱ्यात बसून उशीची शिवण उसवत होता. भाग संपला, पाट्या सुरू झाल्या. लेखन आलं आणि गेलं. लेखनसाहाय्य अशी पाटीच नव्हती. आई म्हणाली, थांबा, पुढे असेल. संगीत गेलं, कपडे गेले, दिवे गेले, चहापाणी गेलं. आणि मग सुतारकाम: वर मिस्त्री आणि मंडळी, आणि त्याखाली, आडनावासकट, आमच्या टाचणीचं नाव.

नंतर कळलं की ते मिस्त्रींनी सुचवलं होतं. फळीवरची खूण ज्याने बदलली तो सुतारकामाचा माणूस, मग चांगली बदलो की वाईट. आणि बाईंनी नाव घालायचा शब्द दिलेला होता, कुठे घालायचं याचा नव्हता.

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मावशी म्हणाली की अक्षर छान मोठं होतं. आई टाचणीकडे वळून बघत राहिली, आणि तो मान खाली घालून आता काय ऐकावं लागतंय याची वाट बघत होता.

"हात शाबूत आहेत ना?" आई म्हणाली. "करवतीपाशी जपून जात जा."

काकूंनी लगेच विचारलं, आमचं न्हाणीघराचं दार खाली घासतंय, हा बघेल का? आई म्हणाली, बघेल की, रविवारी. आणि हे ती अजिबात न अडखळता म्हणाली.

नवीन पर्व सुरू होतंय. परवा टाचणी चहाला खाली गेला तेव्हा पेंटर एका कोऱ्या फळीसमोर उभा होता. फळीवर पेन्सिलने तीन अक्षरं. पेंटरने ब्रश बुडवला, मग बाहेर काढला, आणि टाचणीच्या चेहऱ्याकडे बघून तो परत डब्यात ठेवला.

"तुला अर्थ सुचतोय," पेंटर म्हणाला.

टाचणी म्हणाला, छे.

"सुचतोय. दिसतंय मला. आधी शब्द दे."

टाचणीने गळ्याला चिमटा घेऊन शब्द दिला, की यापुढे कुठल्याही यानावर काहीही लिहिलेलं दिसलं तरी आधी मिस्त्रीला विचारीन.

"आणि मिस्त्री सुट्टीवर असला तर?"

चहा निवला.

"तर गप्प बसेन," टाचणी म्हणाला.